नाव न घेतलेल्या माणसाचे औषध

दादाच्या उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला एक फिकट चट्टा होता. तो कधीपासून होता ते त्यालाही सांगता येत नसे. चुलीजवळ बसून जेवताना तापलेल्या तव्याची कड त्या जागी लागली, कातडी भाजल्याचा वास आला, आणि तरी दादा भाताचा घास कालवतच राहिला. वहिनीने तवा मागे ओढला. “लागलं नाही?” तिने विचारले. “कुठे काय?” तो म्हणाला. त्या दिवसापासून आमच्या घरात शांतता म्हणून उरली नाही.

डॉक्टरने दार लावून घेतले, टाचणी टोचून पाहिली आणि रोगाचे नाव इंग्रजीत घेतले. मराठीत त्याला आम्ही रक्तपिती म्हणतो, लोक महारोग म्हणतात. तो भला माणूस होता. म्हणाला, “लवकर आलात. हे उग्र वासाचं तेल चोळा, त्याचेच थेंब पोटात घ्या. आटोक्यात राहील. आणि कोणाशी बोलू नका.” शेवटचे वाक्य त्याने दोनदा म्हटले.

न बोलण्याचे कारण सांगायला नको होते. दादा एका गिरणीच्या हपिसात कारकून होता. साहेबाच्या टेबलावर जाणारे कागद त्याच्या हाताखालून जात. आमची खोली परळला, विहिरीजवळच्या चाळीत, तिसऱ्या माळ्यावर एका टोकाला होती. नळ सगळ्या माळ्याला मिळून एकच. अशा ठिकाणी ते नाव कानोकान झाले की नोकरी जाते, खोली जाते, आणि माटुंग्याच्या बाजूला असल्या रोग्यांना ठेवायची जी जागा आहे तिचे नाव लोक तुमच्या समोर मोठ्याने घेऊ लागतात. दादाला रोगाचे भय होते, पण त्याहून जास्त भय गॅलरीचे होते.

मी तेव्हा गिरगावात एका छापखान्यात मुद्रिते तपासत असे. आमच्या वडिलांनी मरताना पैका ठेवला नाही, पत्रकांचे गठ्ठे ठेवले. मुलींच्या शाळा, विधवांचे केस, सरकारचा मिठावरचा कर, अशा सगळ्यावरची पत्रके मी लहानपणी गोष्टींसारखी वाचली होती. त्यामुळे माझा एक पक्का समज झाला होता की जिथे खिडकी आहे आणि तिच्या आड बसलेला माणूस आहे, तिथे काहीतरी विकले जाते आहे. म्हणून आमची गोष्ट बाहेर पडलीच तर ती कुठून पडेल याविषयी मला शंका नव्हती. दवाखान्याचा कंपाउंडर.

तो दवाखाना रस्त्याला लागूनच होता. आत डॉक्टर, बाहेर एक लांब बाक, आणि मध्ये फळीची खिडकी. लोक आपापल्या बाटल्या घरून धुऊन आणत. कंपाउंडर त्यांत औषध ओतून, खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवून देई. एक खाच म्हणजे एक वेळचे औषध. त्याचा चेहरा सुपारी खाणाऱ्याचा, सदा अर्धवट हलणारा. चाळीचे भाडे गोळा करणारा मेहता येता जाता त्या खिडकीशी थांबे, आणि दोघे हळू आवाजात बोलत. हे मी दोनचारदा स्वतः पाहिले.

“मेहत्याचं आणि त्याचं काय असतं?” मी दादाला विचारले.

“मेहत्याला मूळव्याध आहे,” दादा म्हणाला. “तू जरा कमी बघत जा.”

तेल आणायला वहिनी जाई. दादा हपिसात, मी उजाडताच भायखळ्याकडे चालू लागणारा, तिथून घोड्यांची ट्राम. दवाखाना सकाळचाच. मी वहिनीला बजावून ठेवले होते की खिडकीशी कमी बोला, बाटली पदराखाली आणा. ती हसून म्हणे, “भावजी, मी जास्त बोलते अशी तक्रार अजून कोणी केली नाही.”

खरेच ती कमी बोलणारी होती, आणि दादाचे नाव तर कधीच घेत नसे. आमच्याकडे एक पत्रक होते, ‘स्त्रियांनी पतीचे नाव का घेऊ नये’ या रूढीवर आसूड ओढणारे. ते मी तिला वाचून दाखवले होते. तिने तांदूळ निवडता निवडता सगळे ऐकले आणि म्हणाली, “छान लिहिलंय. तुमची बायको आली की तिला पाठ करायला लावा.”

महिना दीड महिना गेला असेल. मग चाळीत कुजबूज सुरू झाली, पण ती आमच्याबद्दल नव्हती.

आमच्याच माळ्यावर दुसऱ्या टोकाला रत्नागिरीकडचे एक कुटुंब राहत होते. नवरा गिरणीत कपडा पांढरा करायच्या खात्यात होता. त्या खात्यातल्या पाण्याने माणसांचे हात खाल्ले जातात. त्याच्या दोन्ही पंजांवर, मनगटापर्यंत, पांढरे डाग पडले होते. तो डबल भजनी होता, म्हणजे एका मंडळात टाळ वाजवी आणि दुसऱ्यात भांडण लावी, असे चाळ म्हणे. त्याच्या मुलीचे लग्न काळाचौकीच्या एका घरात ठरले होते.

पहिल्यांदा नळावर झाले. त्याची बायको हंडा घेऊन आली तेव्हा पुढच्या बाईने आपली घागर उचलून बाजूला धरली. “तू मागून भर गो,” ती म्हणाली. “का?” तिने दोनदा विचारले. मग त्याच्या घरचे हळदीकुंकवाचे बोलावणे बंद झाले. मग भजनाच्या मंडळात त्याच्या टाळांना कोणी हात लावीना. मग काळाचौकीहून निरोप आला की मुहूर्ताची घाई नको. शेवटी मेहता येऊन सांगून गेला, “आपल्याला लफडा नाय पायजे. म्हैना संपला की खोली खाली करून द्या.”

माझा संशय यावर तुटून पडला. आमच्या घरात तो रोग असताना शेजारच्या निर्दोष माणसावर तोच आळ यावा, हा योगायोग मला पटेना. मला वाटले, कंपाउंडरने मेहत्याला एवढेच सांगितले असेल की तिसऱ्या माळ्यावर एक रोगी आहे, आणि मेहत्याने डाग बघून माणूस निवडला असेल. दादाला मी हे बोललो. “त्याचे डाग पाण्याचे आहेत, हे गिरणीत सगळ्यांना ठाऊक आहे,” तो म्हणाला. “आपोआप निवळेल.”

“आणि नाही निवळलं तर?”

“तर तू एक पत्रक काढ,” दादा म्हणाला.

वहिनी त्या रात्री जेवली नाही. मला वाटले, दादाच्या बोलण्याने.

मी छापखान्यातून सकाळची सुट्टी काढली आणि खोटा खोकला घेऊन त्या बाकावर जाऊन बसलो. मला कंपाउंडरला रंगेहात धरायचे होते. माझ्या शेजारी लालबागच्या बाजारात टोपली मांडून बसणारी एक कोळीण होती. गुडघ्याला लावायचे औषध न्यायला आलेली. तिला मी कोण ते माहीत नव्हते.

कंपाउंडर एकेकाला हाक मारून बाटली देत होता. एका म्हाताऱ्याने पुढच्या माणसाला कसले औषध दिले म्हणून विचारले, तर कंपाउंडर म्हणाला, “तुमचं पोट साफ होतंय ना? मग दुसऱ्याच्या पोटात कशाला जाता?” बाक हसला. मी मात्र जास्तच सावध झालो. लबाड माणूस चारचौघांत असेच बोलणार.

एवढ्यात एक तरुण बाई खिडकीशी आली. नव्याने गावाहून आलेली असावी.

“कोणाचं औषध?” कंपाउंडर.

“घरचं.”

“घरात माणसं दहा असतील बाई. कोणाचं?”

ती खाली बघू लागली. तिचे कान लाल झाले. आणि मग अख्खा बाक तिच्या मदतीला धावला.

“नवऱ्याचं असंल रे, नाव कसं घेईल ती,” कोळीण म्हणाली. “कुठल्या चाळीतली तू? पोराचं काय नाव?”

“पोर नाही.”

“राहू दे, होतील. नवरा करतो काय? गिरणीत? कुठल्या खात्यात? तो उंच, जरा पाय ओढत चालतो तो काय?”

बाईने मान हलवली. “अरं तो,” कोळणीने नाव सांगितले. कंपाउंडरने बाटली काढून दिली. सगळ्यांना बरे वाटले. कोणाचे तरी काम झाले होते. त्या बाटलीत काय होते आणि ते कशावर देतात याची चर्चा ती बाई रस्ता ओलांडायच्या आतच सुरू झाली.

मी कोळणीला विचारले, “मावशी, असं रोजच करता?”

“मग? बिचाऱ्या तासन्‌तास उभ्या राहतील.” ती माझ्याकडे वळली. “मागं एक आली होती, विहिरीवाल्या चाळीतली. पदर असा खाली ओढलेला. पोर ना बाळ, अमक्याचा बाप म्हणून तरी कसं सांगंल? हा बाबा तेल ओतत होता त्याचा वास आला. त्या तेलाचा वास मला ठाऊक हाय, माझा सासरा त्यानंच गेला. मला कळवळा आला. म्हटलं पोरी, तिसऱ्या माळ्यावरचा काय, टोकाच्या खोलीतला? ती हो म्हणाली. म्हटलं हाताला पांढरे चट्टे असलेला? माझ्याकडं सुरमई घ्यायला येतो, मीच बघितलेत चट्टे. तिनं मान हलवली. काय करील, रडकुंडीला आलेली.”

“आणि मग तुम्ही ते बाजारात सांगितलंत.”

“बाजारात कशाला सांगीन? गिऱ्हाइकाला सांगितलं. त्याच हातानं तो माझी मासळी चाचपतो. लोकाच्या जिवाचा विचार नको?”

मी उठून खिडकीशी गेलो. कंपाउंडरला म्हणालो, “रोग्याचा रोग ही त्याच्या पेटीतली वस्तू आहे. तुमच्या खिडकीत तिचा रोज लिलाव होतो.”

तो ओतत होता ते ओतून झाल्यावर त्याने बूच लावले. “तुम्ही खोकायला आलात की भाषण करायला?”

“तुम्ही नाव का विचारता?”

“न विचारता बाटली दिली आणि एकाच्या पोटात दुसऱ्याचं गेलं तर? तुम्ही येऊन भाषण कराल, की अमक्यानं माणूस मारला.” त्याने आवाज खाली घेतला. “मी माझं तोंड बंद ठेवतो. मेहता रोज खोदून विचारतो, त्यालाही मुळव्याधीचा मलम देऊन वाटेला लावतो. पण त्या तेलाच्या वासाला कुठलं बूच लावू? आणि ह्या बाकाला?”

“पहिल्या दिवशी डॉक्टरच्या चिठ्ठीवर नाव होतं. तुम्हाला खरा माणूस माहीत होता.”

“होता. बाकानं चुकीचा माणूस सांगितला तेव्हा मी काय करायला हवं होतं? ‘हा नव्हे, तो’ असं सांगायचं? तेवढं बोललो असतो तर आज तुम्ही इथं बसला नसता.” त्याने माझ्याकडे नीट पाहिले. मला कळले की मी कोण हे त्याला पहिल्यापासून माहीत होते. “खरी बाटली दिली आणि गप्प बसलो. खोकला नसेल तर बाजूला व्हा. मागे माणसं आहेत.”

त्याचे म्हणणे बिनतोड होते, आणि तेच मला आवडले नाही. आजही मला वाटते की गप्प बसण्याचे सुद्धा दोन प्रकार असतात, आणि त्यातला कुठला त्याचा होता हे मला ठरवता आलेले नाही.

घरी वहिनी एकटी होती. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, “तुम्ही दवाखान्यात गेला होता.”

“कोणी सांगितलं?”

“तुमच्या तोंडावरून कळलं.” ती भिंतीला टेकून बसली. “मला वाटलं, कसं तरी तिथून सुटावं. ती मावशी म्हणाली चट्टे, मला चट्टे एवढंच ऐकू आलं. मान हलली. बाहेर आल्यावर कळलं ती कोणाबद्दल बोलत होती. परत जाऊन काय सांगू? तो नाही, माझा? मग माझा कोण, हे सगळ्यांनी पुन्हा विचारलं असतं.”

“नळावर तिला मागं सारलं तेव्हा तुम्ही होतात?”

“तिच्या पुढं उभी होते,” वहिनी म्हणाली.

दादा आल्यावर आम्ही दार लावून बोललो. मी पेटलो होतो. एकीकडे मी म्हणत होतो की सत्य उघड झालेच पाहिजे, एका घरची अब्रू दुसऱ्या घराच्या खर्चाने सांभाळता येत नाही. आणि त्याच तोंडाने म्हणत होतो की रोग ही रोग्याची खाजगी बाब, ती चव्हाट्यावर आणायचा कोणालाही हक्क नाही. दोन्ही मी पत्रकांत वाचले होते आणि दोन्ही खरे होते. दादा म्हणाला, “तुझं म्हणणं ठरलं की मला सांग.” मग त्याने विचारले, “माझी नोकरी गेली तर तेल कुठून आणायचं?” वहिनीने बाटली उचलून फळीवर ठेवली.

रविवारी गिरण्या बंद असतात, म्हणून मेहता रविवारी आला. बरोबर आणलेले कुलूप त्याने रत्नागिरीकडच्या कुटुंबाच्या दारापुढे ठेवले. तो शेजारी गॅलरीत आला आणि त्याने दोन्ही हात पुढे धरले.

“हे हात बघा. खात्यातल्या कोणालाही बोलवा. पाण्यानं झालेत. माझ्या मुलीचं लगीन मोडायला निघालास, कोणाच्या सांगण्यावरून?”

“मी कशाला मोडते?” मेहता आपल्या गुजराती वळणाने म्हणाला. “पण तुमच्या माळ्यावरची बाई तेल आणते. दवाखान्याचा आख्खा बाक सांगते. हे खोटं काय?”

“माझी बायको दवाखान्याची पायरी चढलेली नाही.”

“मग कोण चढते?”

गॅलरी भरलेली होती, आणि कोणी कोणाकडे सरळ बघत नव्हते. त्या क्षणी तिथला प्रत्येक जण दुसऱ्याचे दंड, कान, बोटे चोरून तपासत होता. मीही तपासत होतो.

वहिनी आमच्या दारातून बाहेर आली. हातात बाटली होती, खाचांच्या पट्टीसकट.

“मी आणते,” ती म्हणाली. “यांच्या घरचं काही नाही त्यात.”

“कोणासाठी आणते?” मेहत्याने विचारले.

ती उभी राहिली. आणि पुन्हा तेच घडले. आमच्या शेजारच्या खोलीतल्या आजी, ज्यांनी माझे जेवण कितीदा झाकून ठेवले होते, त्या पुढे सरसावल्या. “दिरासाठी असेल हो. तो बघा, दवाखान्यात जाऊन खोकत होता म्हणे. दिरासाठी ना गो?”

सगळ्यांची तोंडे माझ्याकडे वळली. माझ्या शेजारचा माणूस अर्धे पाऊल मागे झाला. वहिनीने नुसते खाली पाहिले असते तरी पुरे होते. दादाची नोकरी राहिली असती. मी एकटा, मुद्रिते तपासणारा, मला दुसरीकडे कुठेही राहता आले असते. हे सगळे माझ्या डोक्यातून गेले. तिच्या डोक्यातूनही गेले असावे, कारण तिने माझ्याकडे एकदा पाहिले. अशा वेळी काय म्हणायचे ते कुठल्याच पत्रकात नव्हते.

मग तिने दादाचे नाव घेतले. उखाणा नाही, आडवळण नाही. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, हजेरी घेतात तसे सरळ. आवाज मोठा नव्हता, पण दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

आजी हळूच पुटपुटल्या, “एवढी वर्षं तोंडातून काढलं नाहीस, आणि काढलंस ते यासाठी.”

दादा आतून बाहेर आला. त्याने सदऱ्याची बाही वर केली आणि दंड सगळ्यांकडे वळवला. मेहत्याने शेजाऱ्याच्या दारापुढचे कुलूप उचलले आणि ते खिशात टाकावे की आमच्या दाराशी ठेवावे, हे त्याला कळेना.

आम्ही त्या आठवड्यातच निघालो. दादाची नोकरी गेलीच. हपिसात बातमी आमच्या आधी पोचली होती, आणि ती कोणी पोचवली याचाही मला एक संशय आहे. दादा आणि वहिनी गलबताने गावी जाणार होते. डॉक्टरने तेलाचा मोठा बुधला बांधून दिला. कंपाउंडरने त्यावर पट्टी चिकटवली होती. नाव लिहिलेले नव्हते.

खटाऱ्यात सामान चढवत असताना शेजारी खाली आला. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त पुन्हा धरला होता, हे मला कानावर आले होते. मला वाटले, तो काही चांगले बोलेल. तो चाकाशी उभा राहिला आणि डागाळलेल्या हातांनी विडी पेटवू लागला.

“एक सांग,” तो म्हणाला. “नळावर माझ्या बायकोला मागं लोटलं, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?”

“मला नव्हतं,” मी म्हणालो. “मला दवाखान्यात गेलो त्या दिवशी कळलं.”

“आणि तिला?”

मी वर बघितले. वहिनी गॅलरीत शेवटची पथारी झटकत होती.

“तिनंच तुमचं नाव सोडवलं,” मी म्हणालो.

“ते मी बघितलं. मी ते विचारलं नाही.” त्याने धूर सोडला. “तू छापखान्यातला. सगळ्या गावाचं वाचतोस. आणि स्वतःच्या घरातलं तुला कळलं नाही, असं म्हणतोस.”

मी खरे तेच सांगितले होते. त्याने ते मानले नाही. तो उभा होता तिथे मी असतो, तर मीही मानले नसते.